मॅनरची वही: मध्ययुगीन इंग्लंडमधले कूळ, वेठ आणि वहिवाट

बांधकरी (धागाकर्ता)

मी नॉटिंगहॅममध्ये राहतो. इथून तासाभराच्या आत असलेल्या लॅक्स्टन या गावी गेल्या नोव्हेंबरात जाऊन आल्यापासून हा धागा काढायचे मनात होते. इंग्लंडचा ग्रामीण भाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की इथले जवळजवळ प्रत्येक शेत झुडपांच्या कुंपणाने बंदिस्त असते. लॅक्स्टनला मात्र ते कुंपण एका ठिकाणी संपते आणि समोर नुसती उघडी चिकण जमीन पसरलेली दिसते. एकाचा पट्टा कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला हे पिकाच्या रंगावरून आणि मधल्या गवतावरूनच ओळखावे लागते. पश्चिमेचे शेत, गिरणीचे शेत आणि दक्षिणेचे शेत अशी तीन मोठी शेते आहेत. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरे पड, असा क्रम दरवर्षी फिरत राहतो. पट्टे आता पूर्वीपेक्षा बरेच रुंद केले आहेत, तरी १६३५ साली काढलेल्या नकाशातली मांडणी आजही जमिनीवर ओळखू येते.

पण मला नवल वाटले ते तिथल्या पंचांचे. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातून नेमलेले पंच पेरणी झालेल्या शेतातून फिरतात, कोणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात किंवा वाटेत नांगर घातला आहे का ते पाहतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात आणि पुढे 'कोर्ट लीट' या गावच्या न्यायसभेत दोषी माणसाला दंड होतो. दंडाची रक्कम किरकोळ असते. तरीही बांध कोरणाऱ्याला सात-आठशे वर्षांपूर्वी जशी सभा जाब विचारत होती तशीच सभा आजही विचारते आहे, हे पाहिल्यावर मॅनर या संस्थेविषयी मिळेल ते वाचत सुटलो. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो. चुकत असेन तिथे जाणकारांनी कान धरावा.

मॅनर म्हणजे वाडा नव्हे, आणि गावही नव्हे. एका स्वामीच्या हक्काखालची जमीन, तिच्यावरची माणसे आणि त्या सर्वांवर चालणारी त्याची न्यायसभा, या तिन्ही गोष्टी मिळून मॅनर होतो. एका गावात दोन-तीन मॅनर असत आणि एक मॅनर दोन-तीन गावांत विखुरलेलाही असे. स्वामी सरदार असेल, बिशप असेल किंवा एखादा मठही असेल. त्याने स्वतःसाठी राखलेल्या जमिनीला आपल्याकडचा 'शेरी' हा शब्द नेमका बसतो, म्हणून तोच वापरतो. १२७९ च्या सरकारी पाहणीची जी कागदपत्रे उरली आहेत त्यांचा हिशेब कॉस्मिन्स्की या रशियन इतिहासकाराने मांडला. त्यानुसार मध्य इंग्लंडच्या त्या भागात सुमारे एक तृतीयांश लागवडीची जमीन शेरीची होती, सुमारे दोन पंचमांश बद्ध कुळांकडे आणि उरलेली मुक्त कुळांकडे होती. बद्ध कुळाला 'विलेन' म्हणत. आपल्या सिनेमातला 'व्हिलन' हा त्याच शब्दाचा वंशज आहे. मूळ अर्थ फक्त गावात राहणारा माणूस. पुढे वरच्या वर्गाच्या तोंडी जाऊन त्याचा दुर्जन झाला.

पूर्ण कुळाकडे साधारण ३० एकरांचा वाटा असे, पण तो सलग नसून तिन्ही शेतांत पट्ट्यापट्ट्यांनी विखुरलेला असे. त्याबदल्यात आठवड्यातून दोन-तीन दिवस शेरीवर राबायचे, सुगीत त्याहून जास्त राबायचे, मुलीच्या लग्नाला पैसे भरून परवानगी घ्यायची, गावाबाहेर राहायचे तर वर्षाचा कर द्यायचा, दळण स्वामीच्याच गिरणीत न्यायचे, आणि कूळ मेले की त्याच्या गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर स्वामीकडे जायचे. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या नावाने चालत आलेल्या कायदेग्रंथात विलेनची खूण अशी सांगितली आहे की उद्या सकाळी कोणते काम करावे लागेल हे ज्याला आज संध्याकाळी माहीत नसते तो बद्ध.

कायदा असे म्हणतो, पण मॅनरच्या वह्या, म्हणजे न्यायसभेच्या आणि कुळांच्या देण्याच्या नोंदी, उघडल्या की वेगळेच दिसते. त्यांत काम इतके बारकाईने लिहिलेले असते की संध्याकाळीच काय, वर्षभर आधी सांगता यावे. किती एकर नांगरायचे, किती पेंढ्या बांधायच्या, सुगीच्या कोणत्या दिवशी जेवणाबरोबर एल (बिअरसारखे पेय) मिळेल आणि कोणत्या दिवशी कोरडे जेवण मिळेल, हे सर्व ठरलेले असे. काही मॅनरांत गवत कापणाऱ्याला दिवसअखेर आपल्या विळ्याच्या दांड्यावर पेलेल तेवढे गवत घरी नेता येई. मात्र दांडा मोडला किंवा जमिनीला टेकला तर गवतही गेले आणि वर दंडही झाला. असा नियम अधिकाऱ्याने एकट्याने बसून केलेला नसतो. वर्षानुवर्षांच्या घासाघाशीतून तो आलेला असतो. म्हणून माझे मत असे झाले आहे की या सर्व व्यवस्थेचा कणा ना गढी होती, ना तलवार. तो कणा म्हणजे न्यायसभेची वही. ज्या वहीने कुळाला बांधले तिनेच स्वामीलाही काही प्रमाणात बांधले.

शिलेदार

लेख आवडला, पण वहीचे कौतुक जरा जास्त झाले असे वाटते. शाळेच्या पुस्तकात आपण जो त्रिकोण पाहिला, म्हणजे वर राजा, खाली उमराव, त्याखाली शिलेदार आणि तळाशी शेतकरी, तो मग खोटा समजायचा का? तळाच्या माणसाला मालकाच्या परवानगीशिवाय मुलीचे लग्न करता येत नसेल तर त्याला गुलामच म्हणायला हवे. शिवाय नवरीवर पहिल्या रात्री मालकाचा हक्क असे, असे चित्रपटांतून पाहिले आहे. त्याविषयी तुम्ही काहीच लिहिले नाही.

बांधकरी

शिलेदार, त्या हक्काविषयी लिहिले नाही, कारण इंग्लंडमध्ये असा हक्क कायद्याने किंवा रिवाजाने असल्याचा पुरावा नाही. लग्नाचा कर मात्र खराच होता आणि तो वधूचा बाप, क्वचित वधू स्वतः, काही शिलिंगांत भरत असे. त्या काळी साध्या मजुराला दिवसाला दीड-दोन पेन्स मिळत आणि एका शिलिंगात बारा पेन्स होते, म्हणजे ही रक्कम कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी होती. स्वामीला रस होता तो नवरीपेक्षा तिच्याबरोबर मॅनरबाहेर जाणाऱ्या हातांत, गुराढोरांत आणि पुढे होणाऱ्या मुलांत.

गुलामीबद्दल सांगायचे तर १०८६ च्या 'डूम्सडे' या देशभरच्या सरकारी नोंदणीत खरोखरीचे गुलाम वेगळे मोजलेले आहेत. नोंदलेल्या माणसांत त्यांचे प्रमाण सुमारे दहा टक्के होते, आणि पुढच्या शतकभरात तो वर्ग जवळजवळ नाहीसा झाला. विलेनला विकता येत असे, पण बहुधा जमिनीसकट, म्हणजे त्याचा स्वामी बदलला तरी त्याचे घर आणि पट्टे बदलत नसत. काम व्यक्तीवर नसून जमिनीवर लागू असे. पूर्ण कूळ स्वतः न जाता मुलाला किंवा मजुराला पाठवी. त्रिकोण मात्र फेकून द्यावा. एकच माणूस एका मॅनरात मुक्त कूळ आणि दुसऱ्यात बद्ध जमिनीचा कसणारा असू शकत होता, आणि तो त्या त्रिकोणात कुठे बसवणार?

नाचणी

मी सातारा जिल्ह्यात स्वतः शेती करते, त्यामुळे माझे प्रश्न मातीतले आहेत. आपल्याकडे जड काळ्या रानात सहाबैली, आठबैली नांगर चालत असत, हे जुन्या माणसांनी पाहिलेले आहे. इंग्लंडमध्ये आठ बैल एका कुळाकडे असणे शक्य वाटत नाही. मग नांगर कोणाचा होता? आणि एकरी उतारा किती पडत होता? जेवायला किती उरत होते हे कळल्याशिवाय वेठ जड होती की हलकी हे कसे ठरवायचे?

बांधकरी

नाचणीताई, नेमका मुद्दा काढलात. पूर्ण कुळाकडे फार तर दोन बैल असत आणि चार घरांनी मिळून नांगर जोडायचा. हिशेबाच्या जुन्या मापांतही हेच दिसते. आठ बैलांच्या नांगराची जमीन ढोबळमानाने १२० एकर धरत, आणि एका बैलाच्या वाट्याची १५ एकर. पट्टे सर्वांचे सरमिसळ असण्याचे एक कारण हेही असावे.

आठ बैलांची रांग आखूड जागेत वळत नाही. म्हणून शक्य तितके लांब तास काढायचे आणि टोक येण्याआधीच बैल हळूहळू डावीकडे कलते घ्यायचे. त्यामुळे पट्टे सरळ न राहता उलट्या इंग्रजी एस अक्षरासारखे वाकडे होत गेले. पुढे ज्या जमिनींचे कुरण झाले तिथे ते सरी-वरंबे तसेच गवताखाली टिकले आहेत. संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की ते रेल्वेच्या खिडकीतूनही दिसतात. आपण अंतरासाठी फर्लांग हा शब्द वापरत होतो, त्याचा मूळ अर्थच 'तासाची लांबी' असा आहे, आणि इथे तास म्हणजे नांगराचा. एक फर्लांग लांब आणि बावीस यार्ड रुंद पट्टा म्हणजे एकर. तो एका दिवसाच्या नांगरटीचा अंदाज होता. सातबाऱ्यावर आपण चाळीस गुंठ्यांचा जो एकर लिहितो तो हाच.

इसवी सन १००० च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या भिक्षूने मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी एक संवाद लिहिला. त्यात नांगऱ्या म्हणतो की थंडी कितीही असली तरी धन्याच्या भीतीने घरी बसायची माझी छाती होत नाही, आणि रोज निदान एक एकर तरी नांगरावाच लागतो. बैल हाकायला त्याच्याबरोबर एक पोरगा असतो आणि थंडीने व ओरडून ओरडून त्याचा घसा बसलेला असतो.

उताऱ्याचे पाहू. विंचेस्टरच्या बिशपच्या मॅनरांचे हिशेब १२०८ पासून उपलब्ध आहेत. त्यांवरून गव्हाला पेरलेल्या बियाण्याच्या चौपटीच्या आसपास उत्पन्न धरता येते. एकरी दोन बुशेल (धान्य मोजायचे इंग्रजी माप) बी आणि आठ बुशेल उत्पन्न धरले तर पूर्ण कुळाच्या दहा एकर गव्हाचे ८० बुशेल होतात. त्यातले ८ चर्चच्या दशांशात गेले, २० पुढच्या पेरणीसाठी ठेवले आणि ५२ उरले. त्यातूनही दळणावळीचा वाटा गिरणीत गेला. दुसऱ्या शेतातले बार्ली, ओट किंवा वाटाणे वेगळे.

नाचणी

आठ बुशेल म्हणजे वजनात सव्वादोन क्विंटलच्या आतच आले. एकरी सव्वादोन क्विंटल गहू, आणि त्यातला पाव हिस्सा बियाण्याला! एवढ्या पिकावर पूर्ण कूळ खाऊनपिऊन राहील आणि बाजारात थोडे विकून रोकड खंडही देईल, पण पंधरा एकरवाला टेकीला येईल आणि पाच एकरांच्या आतला कसा जगत असेल ते त्यालाच ठाऊक. बहुतेक दुसऱ्याच्या रानात मजुरीच करत असेल.

तिसऱ्या वर्षी जमीन पड ठेवणे हा आळस नाही, हे शेती न करणाऱ्यांसाठी सांगते. पडीवर गावची मेंढरे-गुरे बसत असणार आणि तेच खत. पण मग गव्हाला खत कमी पडले की गुरे वाढवावी लागतात, गुरांना कुरण लागते, कुरण वाढवायचे तर गव्हाची जमीन कमी होते. आमच्याकडे गायरान आकसले तेव्हा शेणखताचे जे झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून हा पेच मला लगेच समजतो.

बांधकरी

अगदी हाच पेच होता. १३०० च्या सुमारास लोकसंख्या शिगेला पोचली तेव्हा गायरानाच्या कडाही नांगराखाली गेल्या होत्या. १३१५ आणि १३१६ या लागोपाठ दोन वर्षी उन्हाळाभर पाऊस थांबेना, पीक शेतातच सडले, आणि उत्तर युरोपभर दुष्काळ पडला. आपल्याला ओल्या दुष्काळाची कल्पना आहे. तिकडे तो तीन वर्षे टिकला आणि मागोमाग गुरांची साथ आली. छोट्या कुळांनी त्या वर्षांत धान्यासाठी पट्टे विकल्याच्या नोंदी वह्यांत ओळीने सापडतात.

उत्तररात्र

विषयांतर होत असेल तर क्षमा असावी. व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो की मध्ययुगीन शेतकऱ्याला वर्षाला दीडशेच दिवस काम असे आणि बाकी सणवार, म्हणजे आपल्या आयटीतल्या नोकरदारापेक्षा तो सुखी होता. हे खरे आहे का?

नाचणी

उत्तररात्र, ज्याने हे लिहिले त्याच्या घरी म्हैस नाही. मालकाच्या कामाचे किंवा मजुरीचे दिवस मोजले म्हणजे वर्ष मोजले असे होत नाही. गोठा रविवारी आपोआप साफ होत नाही, आणि नाताळात दूध काढायचे थांबवून चालत नाही. स्वतःच्या पट्ट्यांची कामे, सरपण, शिवणटिपण, सूतकताई, दळण, पाणी भरणे हे त्या आकड्यात कुठे आहे? सण पुष्कळ असतील, त्याविषयी माझे भांडण नाही.

पोथीपारखी

चर्चा चांगली चालली आहे, पण शब्दांविषयी दोन गोष्टी नोंदवतो. पहिली, 'फ्यूडॅलिझम'साठी आपण सरसकट 'सरंजामशाही' म्हणतो. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्याच्या खर्चासाठी लावून दिलेला मुलूख किंवा महसूल. उमराव आणि राजा यांच्यातल्या नात्याला तो शब्द कसाबसा चालेल. या धाग्यात ज्या नात्याची चर्चा आहे, म्हणजे कूळ आणि मॅनरचा स्वामी यांची, त्याला तो लागू पडत नाही. दोन्हींना एकच नाव दिल्यामुळे आपल्याकडच्या लेखनात फार गोंधळ झाला आहे. गोंधळ युरोपातही आहेच. त्या काळच्या कोणाही माणसाने स्वतःच्या व्यवस्थेला 'फ्यूडॅलिझम' म्हटलेले नाही. तो शब्द नंतरच्या कायदेपंडितांचा, आणि १९७४ साली एलिझाबेथ ब्राउन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी तो टाकूनच द्यावा असे ठासून मांडले.

भारतात ही संज्ञा लावावी का यावर मोठा वाद झाला. त्यात मूळचे गोव्याचे आणि पुण्यात कार्य केलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ मध्ये 'वरून आलेली' आणि 'खालून उगवलेली' सरंजामशाही असा भेद केला. पुढे हरबंस मुखिया यांनी आक्षेप घेतला की भारतीय शेतकऱ्याचे स्वतःच्या श्रमावर आणि अवजारांवर जे नियंत्रण होते ते पाहता युरोपची संज्ञा इथे बसत नाही. या आक्षेपाचे मर्म बांधकरींच्या लेखातल्या शेरीच्या आकड्यात आहे. मॅनरचा स्वामी महसूल घेऊन थांबत नव्हता, तो स्वतः मोठा शेतकरी होता, आणि त्याच्या शेताला कुळाचे अंग लागत होते.

दुसरी गोष्ट 'वेठ' या शब्दाची. वेठ म्हणजे अचानक बोलावून बिनमोबदला करून घेतलेले काम. ठरलेल्या दिवसांचे, जमिनीच्या बदल्यातले, कधी जेवणासकटचे काम हे वेठ नव्हे, तो श्रमाच्या रूपातला खंड आहे. धाग्याच्या शीर्षकातला शब्द बदलावा, ही विनंती.

बांधकरी

पोथीपारखी, शब्द बदलणार नाही, आणि त्याचे कारण सांगतो. सुगीच्या जादा कामाला मॅनरच्या लॅटिन वह्यांत 'विनंतीचे काम' म्हटलेले आहे. स्वामी जणू प्रेमाने बोलावतो आणि कुळे जणू राजीखुशीने येतात. न आलेल्याला दंड! स्वतःचे पीक पिकून गळायला आलेले असताना, पावसाचे ढग समोर असताना आधी स्वामीची कापणी करायची, याला खंड म्हणण्यापेक्षा वेठ म्हणणेच मला खरे वाटते. आठवड्याच्या नेहमीच्या कामाला मात्र तुमचा 'श्रमाचा खंड' हा शब्द योग्य आहे आणि तो मी इथून पुढे वापरेन.

आता जात्याची गोष्ट सांगतो. हा भाग लिहिण्यासाठीच खरे तर मी धागा काढला. लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्सचा मोठा मठ होता आणि सारे गाव त्याच्या ताब्यात होते. दळण मठाच्या गिरणीतच न्यायचे असा दंडक. लोक मात्र घरोघर हातजाती ठेवून गुपचूप दळत. १३३० च्या सुमारास रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा मठाधिपती होता. तो लोहाराचा मुलगा, नामांकित गणिती, महारोगाने ग्रासलेला, आणि ग्रहगती दाखवणारे एक अजब घड्याळ रचणारा. त्याने गावावर खटले चालवले, घराघरांतली जाती जप्त केली आणि त्यांच्या पाळ्या मठातल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवल्या. ज्या दगडांवर बायकांनी पहाटे धान्य भरडले त्यांच्यावरून आता भिक्षू आणि त्यांचे पाहुणे चालू लागले.

पन्नास वर्षांनी, जून १३८१ मध्ये, केंट आणि एसेक्सचे शेतकरी लंडनवर चालून गेले. निमित्त माणशी बारा पेन्सच्या डोईपट्टीचे होते. चारच वर्षांपूर्वी हीच पट्टी चार पेन्स होती. १४ जूनला माइल एंड इथे चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्ड राजाने बद्धता रद्द केल्याच्या सनदा देऊ केल्या आणि दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डला बंडाचा म्होरक्या वॉट टायलर मारला गेला. त्याच सुमारास सेंट ऑल्बन्सचे लोक विल्यम ग्रिंडकॉब याच्या पुढाकाराने मठात शिरले आणि त्यांनी ती फरशी उखडली. मठाच्याच बखरकाराने चिडून लिहून ठेवले आहे की चर्चमध्ये रविवारी प्रसादाची भाकर वाटतात तसे त्या दगडांचे तुकडे करून लोकांनी घरोघर नेले.

त्या उन्हाळ्यात बंडखोरांनी ठिकठिकाणी न्यायसभेच्या वह्या शोधून काढून जाळल्या. राजाने सनदा काही आठवड्यांत मागे घेतल्या आणि ग्रिंडकॉब फासावर गेला. जॉन बॉल या बंडखोर धर्मोपदेशकालाही जुलैत सेंट ऑल्बन्सलाच देहान्त शिक्षा झाली.

खडूफळा

मी इतिहास शिकवतो आणि धागाकर्त्याशी माझा मतभेद आहे. त्यांच्या पहिल्या लेखात वहिवाट म्हणजे जणू स्वामी आणि गाव यांच्यातला करार झाला आहे. गाव एकजिनसी नव्हते. न्यायसभेत पंच म्हणून कोण बसत असे? तीस एकरवाले. स्वामीच्या शेतीवर देखरेख करणारा, कुळांतूनच निवडला जाणारा रीव्ह हा कोण असे? तोही त्यांच्यातलाच, आणि त्या कामाबद्दल त्याला श्रमखंडात सूट मिळे. दरवर्षी सप्टेंबरअखेर तो हिशेब देई, खाचा पाडलेल्या काठ्यांवरून आकडे सांगे, आणि मधल्या मध्ये त्याचे काय सुटत असेल ते वहीत येत नाही. सुगीनंतर सरवा कोणी वेचायचा याचे नियम याच पंचांनी केले. धडधाकट माणसाने सरवा वेचू नये, त्याने मजुरीवरच यावे असे त्यांत लिहिलेले असते. पाच एकरवाल्याच्या बायकोला ही वही कशी दिसत असेल याचा विचार करावा.

आणखी एक. वह्यांत बायका सर्वांत जास्त कुठे भेटतात? एल गाळल्याबद्दलच्या दंडात. त्याच त्या बायका दर सभेला दोन-तीन पेन्स भरताना दिसतात. नावाला तो दंड असला तरी खरे तर परवाना फी होती. म्हणजे न्यायसभा न्याय करण्यासाठी जितकी भरत होती तितकीच गल्ला भरण्यासाठीही भरत होती.

बांधकरी

खडूफळा सर, आक्षेप मान्य आहे. वहीने स्वामीला बांधले असे मी म्हटले, पण वहीवर हात फिरवणाऱ्या गावातल्या वरच्या थराला तिने बळ दिले हे मी लिहायला हवे होते. बंडातही पुढाकार घेणाऱ्यांत अनेक जण रीव्ह किंवा पंच म्हणून काम केलेलेच होते. वहीत काय आहे हे त्यांनाच ठाऊक होते.

तरी एक गोष्ट राहते. जून १३४८ मध्ये प्लेग डॉर्सेटच्या किनाऱ्याला लागला आणि दीड वर्षात देशाची एक तृतीयांश ते निम्मी माणसे गेली. पट्टे ओस पडले. १३४९ चा हुकूम आणि १३५१ चा कायदा यांनी मजुरी प्लेगपूर्व दरावर गोठवायचा प्रयत्न केला, पण स्वामीच शेजारच्या स्वामीचे मजूर जास्त पैसे देऊन पळवू लागल्यावर कायदा कोण पाळणार? शेरी खंडाने लावून दिली गेली, कामाऐवजी रोकड आली, आणि बद्धता कोणत्याही एका कायद्याने रद्द न होता झिजत गेली. राजघराण्याच्या जमिनींवरच्या उरल्यासुरल्या बद्ध माणसांना पैसे घेऊन मुक्त करण्याची व्यवस्था पहिल्या एलिझाबेथने १५७४ मध्ये केली, म्हणजे तोवर काही जण उरले होते.

जमिनीचा हक्क मात्र वहीतच राहिला. कूळ मेले की वारस न्यायसभेत येई, नजराणा भरे, कारभारी वहीत नोंद करी, आणि त्या नोंदीचा उतारा वारसाच्या हाती देई. 'उताऱ्यावरचे कूळ' असेच या धारणेचे नाव पडले, इंग्रजीत कॉपीहोल्ड. ज्यांच्या पूर्वजांनी १३८१ मध्ये वह्या जाळल्या त्यांचीच पणतवंडे सोळाव्या शतकात मेंढ्यांसाठी जमीन बळकावू पाहणाऱ्या स्वामीपुढे वहीचा उतारा नाचवत राजाच्या न्यायालयात उभी राहू लागली. ज्यांच्याकडे उतारा नव्हता त्यांना हाकलणे सोपे गेले, आणि ते बहुतेक तुम्ही म्हणता ते पाच एकरवालेच होते. कॉपीहोल्ड कायद्याने संपला तो १ जानेवारी १९२६ रोजी.

शिलेदार

उताऱ्याशिवाय शेतकरी उभा राहू शकत नाही हे आम्हा लोकांना वेगळे सांगायला नको. तलाठ्याकडे मी स्वतः चार खेपा मारून आलो आहे. पण एक विचारतो. या सर्व प्रकाराचा आपल्या भूमीशी खरोखरचा काही धागा जुळतो का, की नुसत्या तुलना?

पोथीपारखी

एक जुळतो, आणि तो कागदोपत्री आहे. पोर्तुगिजांकडून आंदणात मिळालेले मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्स राजाने मार्च १६६८ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. इंग्लिश कायद्यात राजाने दिलेली जमीन कोणत्या तरी धारणेने धरावी लागे, म्हणून सनदेत लिहिले आहे की कंपनी हे बेट केंटमधल्या ईस्ट ग्रीनिच या मॅनरची जमीन म्हणून 'सॉकेज' धारणेने धरील आणि दरवर्षी ३० सप्टेंबरला दहा पौंडांची रक्कम सोन्याच्या नाण्यांत खंड म्हणून भरील. अमेरिकेतल्या वसाहतींच्या सनदांतही ग्रीनिचचेच नाव घातलेले आहे. म्हणजे कायद्याच्या कागदावर माझगाव, परळ आणि माहीम टेम्सकाठच्या एका मॅनरला जोडलेली होती.

सॉकेज म्हणजे लष्करी चाकरी नसलेली, ठरलेल्या खंडाची मुक्त धारणा. ब्रॅक्टनची कसोटी लावायची तर कंपनी विलेन ठरत नाही. उद्या सकाळी काय द्यायचे हे तिला आदल्या संध्याकाळी पक्के ठाऊक होते. बेटावर आगर आणि भातखाचरे कसणाऱ्यांची धारणा कोणती, याविषयी त्या कलमात एक शब्द नाही.